विजेचा शून्यक्षण आणि कृषिपंपाच्या मोटारीचे रक्षण

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील बागायत शेती मोठ्या प्रमाणावर विजेच्या पंपांवर अवलंबून आहे. गोदावरीकाठच्या अर्धापूर व मुदखेड भागांतील केळी, मांजरा नदीच्या खोऱ्यातील ऊस, ठिकठिकाणची हळद व भाजीपाला या सर्व पिकांना पाणी वेळेवर मिळणे अगत्याचे असते. लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिल रोजी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन आली. ज्या प्रदेशाने असा काळ पाहिला आहे, तेथे विहिरीत पाणी असूनही केवळ मोटार जळाल्यामुळे पीक वाळावे, ही मोठीच हानी होय.

मोटार जळण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे तीनपैकी एक फेज जाणे. मोटारीचे रक्षण करणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक व मोबाईलवरून चालणारे स्टार्टर आता बाजारात सर्वत्र मिळतात. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश' या मोबाईलवरून पंप चालविणाऱ्या साधनाला २००९ साली नोकिया कंपनीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळाले होते. तेव्हापासून अशा साधनांचा प्रसार पुष्कळ झाला आहे. परंतु पेटीच्या आत काय घडते, ती मोटार केव्हा वाचविते व केव्हा फसते, याची माहिती शेतकऱ्यांना क्वचितच असते. ती माहिती नसल्यामुळे पेटीने मोटार बंद केली की पेटीच बिघडली असे समजून तिच्या तारा परस्पर जोडल्या जातात व मोटार जळते. म्हणून या साधनांपैकी अनेकांचा पाया असलेल्या एका साध्या तत्त्वाची माहिती येथे दिली आहे. ते तत्त्व म्हणजे विजेचा 'शून्यक्षण' ओळखणे.

शून्यक्षण म्हणजे काय?

बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते. तारांतून येणारी वीज मात्र सतत दिशा बदलीत असते. तिचा दाब शून्यापासून वाढत जाऊन शिखरास पोचतो, तेथून उतरत पुन्हा शून्यावर येतो, नंतर उलट दिशेने तितकाच वाढतो व परत शून्यावर येतो. विहिरीवरील मोटेचा बैल धावेवरून खाली जातो व पुन्हा मागे येतो, तसाच हा फेरा आहे. बैलाला दोन्ही टोकांकडे जाताना मधल्या खुणेवरून जावे लागते. त्याचप्रमाणे विजेलाही प्रत्येक फेऱ्यात दोनदा शून्यावरून जावे लागते. त्या क्षणाला शून्यक्षण म्हणावे.

भारतात विजेचे असे ५० फेरे एका सेकंदात होतात. म्हणजे एका फेऱ्यास २० मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे एका सेकंदाचा हजारावा भाग. प्रत्येक फेऱ्यात दोन शून्यक्षण येत असल्याने एका सेकंदात १०० शून्यक्षण येतात व दोन शून्यक्षणांमध्ये १० मिलिसेकंदांचे अंतर असते. देशाच्या वीजजाळ्याची वारंवारता फार काटेकोरपणे सांभाळली जाते. तिची अपेक्षित मर्यादा ४९.९० ते ५०.०५ इतकी अरुंद आहे. त्यामुळे हे १० मिलिसेकंदांचे अंतर एखाद्या चांगल्या घड्याळाच्या ठोक्याप्रमाणे नियमित असते. दाब कमीजास्त झाला तरी ठोका चुकत नाही. शून्यक्षणाचे महत्त्व याच नियमितपणात आहे.

तीन फेजांचा क्रम

कृषिपंपास येणाऱ्या तीन तारांना तांबडी, पिवळी व निळी फेज असे म्हणण्याची पद्धत आहे. तिन्ही तारांतील वीज सारखीच असते, परंतु ती एकाच वेळी शिखरावर जात नाही. तांबडी फेज शून्यावरून वर निघाली की तिच्यानंतर २० मिलिसेकंदांच्या एक तृतीयांश वेळाने, म्हणजे ६.६७ मिलिसेकंदांनी, पिवळी निघते व आणखी ६.६७ मिलिसेकंदांनी, म्हणजे तांबडीनंतर १३.३३ मिलिसेकंदांनी, निळी निघते. एकामागून एक येणाऱ्या या तीन लाटांमुळेच मोटारीत फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व मोटार आपोआप एका दिशेने फिरू लागते.

लाटांचा हा क्रम उलटला तर मोटार उलटी फिरते. पाणबुडी मोटार जमिनीखाली असल्याने ती उलटी फिरते आहे हे डोळ्यांना दिसत नाही. फक्त पाणी कमी येते. रोहित्र बदलल्यावर किंवा तारा पुन्हा जोडल्यावर पाणी कमी झाले, तर प्रथम फेजांच्या क्रमाचा संशय घ्यावा.

एक फेज गेल्याने नुकसान कसे होते?

मोटार चालू असताना एक फेज गेली तर ती लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजांवर ती गुरगुरत फिरत राहते. तेवढेच काम दोन तारांना करावे लागल्यामुळे त्या तारांतील प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सुमारे तिप्पट होते. थोड्याच वेळात वायंडिंगवरील रोगण जळते व मोटार पुन्हा भरून घ्यावी लागते. कूपनलिकेतील मोटार असेल तर ती वर काढण्याचा व पुन्हा सोडण्याचा खर्च निराळा. शिवाय त्या अवधीत पिकाची पाण्याची पाळी चुकते. केळी निसवण्याच्या वेळी किंवा हळदीचे कंद पोसण्याच्या वेळी चुकलेली पाळी पुढे कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही.

मायक्रोकंट्रोलर शून्यक्षण कसा ओळखतो?

नियंत्रकाच्या पेटीत मायक्रोकंट्रोलर नावाची नखाएवढी चकती असते. ती म्हणजे एक लहानसा गणकच होय. तिच्या कडेला ज्या धातूच्या पिना असतात त्यांपैकी काहींचे काम बाहेरची खबर आत घेणे हे असते. अशा पिनेला फक्त दोनच गोष्टी कळतात: दाब आहे किंवा दाब नाही. चकतीला चालण्यासाठी ५ व्होल्ट किंवा त्याहून कमी दाब लागतो. उलट फेजच्या तारेतील दाब २३० व्होल्ट असून त्याचे शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जाते. ही तार पिनेस सरळ जोडली तर चकती तत्काळ नष्ट होईल.

यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय फार स्वस्त आहे. तार व पीन यांच्यामध्ये १० लाख ओहमचा, म्हणजे एक मेगओहमचा, रेझिस्टर घालतात. त्यातून शिखराच्या वेळीही केवळ एक तृतीयांश मिलिॲम्पिअर इतकाच प्रवाह जाऊ शकतो व तो चकतीतील संरक्षक डायोडांना सोसतो. चकत्या बनविणाऱ्या ॲटमेल कंपनीने आपल्या 'एव्हीआर १८२' या टिपणात ही रीत दाखविली होती. ती विद्युत्शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. परंतु या रीतीत चकतीची सर्व बाजू वीजवाहक तारांशी जोडलेली राहते. पेटीचे बटण, मोबाईलच्या भागाची तार किंवा पाण्याच्या पातळीची तार यांना हात लागला तर माणसाला धक्का बसू शकतो. ओल्या जमिनीवर, ओल्या हातांनी वापरावयाच्या शेतातील पेटीत ही रीत वापरू नये.

दुसरा उपाय ऑप्टोकपलरचा होय. ऑप्टोकपलर म्हणजे एका बंद डबीत समोरासमोर बसविलेले दोन भाग: एक लहान दिवा व एक प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर. विजेची तार रेझिस्टरांतून दिव्याला जोडतात. ट्रान्झिस्टर पिनेला जोडतात. दोहोंमध्ये फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही. बाजारात मिळणारा 'पीसी ८१७' हा भाग या प्रकारचा आहे. नदीच्या ऐलतीरावरून कंदील दाखवावा व पैलतीरावर तो पाहून घंटा वाजवावी, अशी ही व्यवस्था आहे. ऐलतीरावर पूर आला तरी पैलतीर कोरडे राहते.

या जोडणीत तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. प्रत्येक फेजसाठी ४७ हजार ओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले तर शिखराचा प्रवाह सुमारे ३.५ मिलिॲम्पिअर होतो व दोहोंमध्ये मिळून अर्ध्या वॉटहून थोडी अधिक उष्णता निर्माण होते. म्हणून ते प्रत्येकी एक वॉटचे असावेत. दोन असल्याने दाबही विभागला जातो. दुसरे असे की, ऑप्टोकपलरमधील दिव्याला उलट दिशेचा दाब फक्त सुमारे ६ व्होल्ट सोसतो. त्याला समांतर असा उलट्या दिशेचा एक डायोड जोडावा, म्हणजे उलट अर्ध्या फेऱ्यातील वीज त्या डायोडातून निघून जाते. तिसरे म्हणजे, विहिरीवर न्यूट्रलची तार बहुधा नसते. तेव्हा तिन्ही फेजांच्या सारख्या जोडण्यांची दुसरी टोके एकत्र बांधावीत. तिन्ही बाजू समतोल असल्याने ती गाठच न्यूट्रलचे काम करते.

नेमका क्षण काढण्याची रीत

दिवा शून्यक्षणालाच पेटत नाही. दाब थोडा वाढल्यावर तो पेटतो व शून्य येण्याच्या थोडे आधी विझतो. समजा, दाब सुमारे ५० व्होल्ट झाल्यावर पिनेला प्रकाशाची खबर मिळते. तेवढा दाब होण्यास शून्यक्षणापासून जवळजवळ अर्धा मिलिसेकंद लागतो. म्हणजे अर्धा फेरा १० मिलिसेकंदांचा असला तरी दिवा ९ मिलिसेकंदच पेटलेला असतो. ही चूक सुधारणे अगदी सोपे आहे. दिवा पेटण्याचा व विझण्याचा असे दोन्ही क्षण मायक्रोकंट्रोलरने टिपावेत. १० मधून पेटलेला काळ ९ वजा करावा, उरलेल्या १ चे दोन सारखे भाग करावेत व अर्धा मिलिसेकंद मागे जावे. तोच खरा शून्यक्षण. रेझिस्टर जुने झाले किंवा दाब कमी झाला तरी ही रीत चुकत नाही, कारण दोन्ही बाजूंची चूक सारखीच असते.

चकतीतील घड्याळ एका सेकंदाचे दहा लाख भाग मोजू शकते. त्या मापाने एक फेरा २०,००० ठोक्यांचा होतो. पिनेवर खबर येताच चकती चालू काम बाजूला ठेवते व घड्याळातील आकडा लिहून घेते.

तारांतील वीज नेहमी स्वच्छ नसते. शेजारचा पंप चालू झाला, तार झाडाला घासली किंवा स्टार्टरमध्ये ठिणगी पडली, तर लाटेवर बारीक कंप उठतात व एका शून्यक्षणाच्या जागी चार-पाच खोटे शून्यक्षण दिसतात. यासाठी एक खरा शून्यक्षण टिपल्यावर त्याच प्रकारचा पुढील शून्यक्षण येण्याची वेळ होईपर्यंत मधल्या खबरा सोडून द्याव्यात. तसेच एका फेऱ्यावरून निर्णय न करता निदान २५ ते ५० फेऱ्यांची, म्हणजे अर्ध्या ते एका सेकंदाची, सरासरी पाहावी. ज्या पेटीत ही काळजी घेतलेली नसते ती विनाकारण मोटार बंद करते व शेवटी शेतकरी कंटाळून ती काढून टाकतो.

मोटार सुरू करण्यापूर्वीचे निदान

तांबडी फेज शून्यावरून वर निघाल्यानंतर पिवळी व निळी किती मिलिसेकंदांनी निघतात, एवढ्यावरून पुढीलप्रमाणे निदान होते.

१) पिवळी ६.६७ व निळी १३.३३: पुरवठा ठीक आहे. मोटार सुरू करावी.

२) पिवळी १३.३३ व निळी ६.६७: क्रम उलटा आहे. मोटार सुरू करू नये. कोणत्याही दोन तारांची अदलाबदल तारतंत्र्याकडून करून घ्यावी.

३) पिवळी १० व निळीची खबरच नाही: रोहित्रावरील निळ्या फेजचा फ्यूज गेला आहे किंवा तार तुटली आहे. उरलेल्या दोन फेजा एकमेकींच्या अगदी उलट झाल्या आहेत.

४) पिवळी १० व निळीही १०, किंवा तिन्हींपैकी कोणत्याही दोन अगदी एकाच क्षणी: ११ हजार व्होल्टच्या बाजूची एक तार गेली आहे.

चौथा प्रकार विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. गावात ज्याला डीपी म्हणतात त्या रोहित्राची वरच्या बाजूची एक तार तुटली, तर खालच्या बाजूच्या तिन्ही तारांत वीज राहते. एका फेजला पूर्ण दाब असतो व उरलेल्या दोन फेजांना सुमारे निम्मा. शेतकरी तपासणीचा दिवा लावून पाहतो, तेव्हा तिन्ही ठिकाणी उजेड पडतो; दोन ठिकाणी तो मंद असतो, इतकेच. 'लाईट आहे, पण दाब कमी आहे' असे समजून तो मोटार सुरू करतो. वस्तुतः तेथे तीन तारा असल्या तरी तीन फेजा नसतात. तिन्हींचे शून्यक्षण एकाच वेळी येतात. त्यामुळे फिरते क्षेत्र निर्माण होत नाही व मोटार न फिरता नुसती तापते. दिव्याने जे कळत नाही ते शून्यक्षणांच्या अंतरावरून एका सेकंदात कळते.

काही ठिकाणी तीन फेजांचा पुरवठा नसताना कपॅसिटर जोडून तिसरी फेज 'तयार' करण्याची प्रथा आहे. अशा तिसऱ्या फेजचा शून्यक्षण योग्य अंतरावर व योग्य दाबाने येत नाही. म्हणून चांगला नियंत्रक अशा विजेवर मोटार सुरू होऊ देत नाही. हा पेटीचा दोष नसून तिने बजावलेले कर्तव्य आहे, असे समजावे.

चालू मोटारीतील फसवणूक

येथवरचे निदान मोटार बंद असताना अचूक ठरते. मोटार चालू असताना मात्र एक मोठी अडचण येते. फिरणारी मोटार स्वतःच थोड्या प्रमाणात जनित्रासारखी वागते व गेलेल्या फेजच्या तारेत दाब उत्पन्न करते. हा दाब जवळजवळ योग्य वेळी शून्यावरून जातो. त्यामुळे केवळ दाबाचे शून्यक्षण पाहणाऱ्या पेटीला तिन्ही फेजा असल्याचा भास होतो व मोटार जळून जाते.

यावर उपाय एकच. दाबाबरोबर प्रवाहाचेही शून्यक्षण पाहावेत. तारेभोवती प्रवाह मापणारी लहान कडी बसविली की तारेतून प्रत्यक्ष वीज वाहते की नाही हे कळते. गेलेल्या फेजमध्ये दाब भासला तरी तिच्यातून प्रवाह वाहत नाही. उरलेल्या दोन तारांतील प्रवाह एकमेकांच्या बरोबर उलट, म्हणजे १० मिलिसेकंदांच्या अंतराने, जातात. पेटी विकत घेताना 'प्रवाह मोजणाऱ्या कड्या आहेत काय?' हा प्रश्न अवश्य विचारावा. नुसता दाब पाहणारी पेटी अर्धेच रक्षण करते.

कपॅसिटर व कोरडी मोटार यांची परीक्षा

दाबाचा शून्यक्षण व त्याच तारेतील प्रवाहाचा शून्यक्षण हे एकाच वेळी येत नाहीत. मोटारीत प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो. एक मिलिसेकंद म्हणजे १८ अंश, या हिशेबाने हे रेंगाळणे मोजता येते व त्यावरून शक्तिगुणक, ज्याला पॉवर फॅक्टर म्हणतात, तो काढता येतो. रेंगाळणे १ मिलिसेकंद असेल तर शक्तिगुणक ०.९५, २ असेल तर ०.८१ व ३ असेल तर ०.५९ इतका येतो.

५ अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर ०.८ शक्तिगुणकाने चालत असेल व तिची कार्यक्षमता शेकडा ८० धरली, तर ती ४०० व्होल्टवर सुमारे ८.४ ॲम्पिअर प्रवाह घेते. तिला २ केव्हीएआरचा कपॅसिटर जोडला तर शक्तिगुणक ०.९५ होतो व तारेतील प्रवाह सुमारे ७.१ ॲम्पिअरवर येतो. महावितरण कंपनी कपॅसिटर बसविण्याचा आग्रह धरते, त्याचे कारण हेच. कपॅसिटर लावला म्हणजे वाहिनीच्या शेवटच्या टोकावरील पंपांनाही चांगला दाब मिळतो. कपॅसिटर निकामी झाला तर बाहेरून कळत नाही. पण प्रवाहाचा शून्यक्षण १ मिलिसेकंदावरून २ मिलिसेकंदांवर सरकला की नियंत्रकाला ते ताबडतोब कळते.

विहिरीतील किंवा कूपनलिकेतील पाणी संपले की मोटारीवरील भार एकदम कमी होतो. अशा वेळी प्रवाह घटतो, पण त्याचे रेंगाळणे मात्र वाढते. हे लक्षण ओळखून नियंत्रक मोटार बंद करू शकतो. त्यासाठी खोल कूपनलिकेत पातळीच्या तारा सोडण्याची गरज राहत नाही. उन्हाळ्यात पाण्याची पातळी झपाट्याने उतरणाऱ्या लातूर जिल्ह्यातील कूपनलिकांना ही सोय फार उपयोगी आहे, कारण पाणबुडी मोटार पाण्यानेच थंड राहते व कोरडी चालली तर फार काळ टिकत नाही.

एकाच रोहित्रावरील सर्वांचे हित

कृषी वाहिन्यांना तीन फेजांची वीज साधारणपणे आठ तास मिळते व अनेक ठिकाणी ती काही दिवस रात्रीची असते. रात्री-अपरात्री विहिरीवर जाण्याचा त्रास, साप-विंचवाचे भय व अंधारात ओल्या पेटीला हात लावण्याचा धोका टाळण्यासाठी अनेक शेतकरी 'ऑटो स्विच' बसवितात. वीज येताच मोटार आपोआप सुरू होते. वैयक्तिक सोय म्हणून हे ठीक दिसते. परंतु त्याचा परिणाम सर्वांना भोगावा लागतो.

समजा, १०० केव्हीएच्या एका रोहित्रावर ५ अश्वशक्तीचे १५ पंप आहेत. रोहित्राची क्षमता सुमारे १३३ ॲम्पिअर आहे. चालू असताना १५ पंप सुमारे १२६ ॲम्पिअर घेतात, म्हणजे रोहित्र कसेबसे भार पेलते. पण सुरू होताना मोटार नेहमीच्या सुमारे सहा पट प्रवाह ओढते. सर्व ऑटो स्विच एकाच क्षणी लागले तर मागणी ७५० ॲम्पिअरपर्यंत जाते. दाब कोसळतो, मोटारी वेग घेत नाहीत, फ्यूज उडतात किंवा रोहित्र जळते. मग नवे रोहित्र येईपर्यंत पंधरा जणांचे शेत तहानलेले राहते.

शून्यक्षण ओळखणाऱ्या नियंत्रकाने हा प्रश्न सहज सुटतो. वीज आल्यावर नियंत्रकाने प्रथम तिन्ही फेजांचे शून्यक्षण तपासावेत व पुरवठा स्थिर झाला असल्याची खात्री करून घ्यावी. एक-दोन मिनिटे थांबल्याने नळातील पाणी खाली उतरून उलटा फिरणारा पंपही स्थिर होतो. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या क्रमांकाप्रमाणे थांबावे. रोहित्रावरील पंपांना १ ते १५ क्रमांक द्यावेत व प्रत्येक क्रमांकामागे २० सेकंद अधिक थांबावे, म्हणजे पाच मिनिटांत सर्व पंप एकेक करून सुरू होतील. पाळीने पाणी घेण्याची पद्धत मराठवाड्यास नवी नाही. हीच पद्धत विजेला लावावयाची आहे. आपला क्रमांक पुढे यावा म्हणून एकानेही चढाओढ केली तर सर्वांचीच योजना ढासळते, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

घ्यावयाची दक्षता

१) पेटीतील इलेक्ट्रॉनिक भाग वीजवाहक तारांपासून ऑप्टोकपलरने अलग केलेला आहे, याची विक्रेत्याकडून लेखी खात्री करून घ्यावी.

२) पेटी व मोटार यांना योग्य अर्थिंग करावे. पेटी जमिनीपासून उंच व पावसापासून सुरक्षित ठेवावी.

३) पेटीने मोटार बंद केल्यास तिच्या तारा परस्पर जोडून मोटार चालवू नये. पेटीवर कोणता दोष दाखविला आहे ते आधी पाहावे.

४) जोडणी व दुरुस्ती परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी. रोहित्राच्या पेटीतील फ्यूज शेतकऱ्याने स्वतः बदलू नये.

५) पेटी बसली म्हणून फ्यूज व ओव्हरलोड रिले काढून टाकू नयेत. ती एकमेकांची जागा घेणारी साधने नव्हेत.

६) सौर कृषिपंपाच्या पटलातून येणाऱ्या विजेची दिशा बदलत नाही; तिला शून्यक्षण नसतो. त्या पंपाचा नियंत्रक मोटारीसाठी जी वीज तयार करतो तिच्यात एका सेकंदात हजारो तुकडे असतात. म्हणून येथे वर्णिलेली पेटी सौर पंपाच्या नियंत्रकापुढे जोडू नये. सौर पंपाला त्याच्या स्वतःच्या नियंत्रकाचे रक्षण असते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्या गावातील प्रत्येक रोहित्रावरील पंपांची यादी करावी: किती अश्वशक्तीचे, कपॅसिटर आहे की नाही, ऑटो स्विच आहे काय, गेल्या दोन वर्षांत मोटार किती वेळा भरली. या यादीवरूनच दुखणे कोठे आहे ते दिसून येईल. त्यानंतर त्या रोहित्रावरील शेतकऱ्यांची एक बैठक घ्यावी व क्रमांक ठरवावेत. शक्य असल्यास बैठकीस महावितरणच्या शाखेतील कर्मचाऱ्यास व जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री शिक्षकास बोलवावे.

प्रात्यक्षिकासाठी एका शेतकऱ्याच्या विहिरीवर पेटी बसवून तिची परीक्षा सर्वांसमक्ष करावी. मुख्य स्विच बंद करून तारतंत्र्याने एका फेजचा फ्यूज काढावा, स्विच पुन्हा लावावा व पेटी मोटार सुरू होऊ देते काय ते पाहावे. नंतर त्याच रीतीने दोन तारांची अदलाबदल करून 'उलटा क्रम' हा इशारा येतो काय ते पाहावे. जी पेटी या दोन परीक्षांत उतरत नाही ती घेऊ नये, मग तिची किंमत कितीही कमी असो. तिसरी परीक्षा चालू मोटारीची असते. ती जोखमीची असल्याने शेतावर करू नये, प्रवाहाच्या कड्या आहेत की नाहीत एवढे पाहावे.

मोटार बंद पडलेल्या दिवशी शेतकरी पेटीला दोष देतो. मोटार जळालेल्या दिवशी तो नशिबाला दोष देतो. तीन लाटा एकामागून एक, ठरलेल्या अंतराने येत आहेत की नाहीत, एवढी एकच गोष्ट पेटी एका सेकंदात शंभरदा पाहत असते. ती थांबा म्हणते तेव्हा थांबावे, कारण शोधावे व दोष दूर करूनच मोटार चालवावी. असे केल्यास मोटार वाचेल, रोहित्र वाचेल आणि विहिरीत जे थोडे पाणी आहे ते वेळेवर पिकाच्या मुळाशी पोचेल.